दिवाणखान्यातली पांढरी पूड

तीर्थरूप दादांस आणि वहिनींना साष्टांग नमस्कार.

तुमची धरलेली कंबर आता सुटून वाकू लागली असेल आणि वहिनींचा खोकला गेला असेल, असं धरून चालतो. आमचं विचाराल तर मला सकाळी उठल्याबरोबर शिंका सुरू होतात त्या न्याहारीपर्यंत थांबत नाहीत (इथला व्यवस्थापक त्याला 'हवामानाचा आनंद' म्हणतो), आणि तुमच्या बहिणीची प्रकृती उत्तम असावी. 'असावी' अशासाठी, की परवा सकाळपासून ती माझ्याशी बोलत नाही. आम्ही एका खोलीत राहतो, एका टेबलावर जेवतो, आणि तिला मीठ हवं असेल तर ती वाढप्याला सांगते, "त्यांच्यापुढची मिठाची वाटी जरा इकडे द्या." त्या वाढप्याची मला आता दया येऊ लागली आहे. तुम्ही लगेच म्हणाल, आता काय केलंत? दादा, मी काहीही केलेलं नाही. मी फक्त माणसांचे जीव वाचवले.

पण सुरुवातीपासून सांगतो. वसंताच्या सुट्ट्यांत आम्हा दोघांना इथे पाठवायची कल्पना चिरंजीवांची. (सूनबाईंची म्हणा. चिरंजीवांना कल्पना सुचत नाहीत, कळवल्या जातात.) जागा म्हणजे शेतं आणि फळबागा यांच्या मधोमध उभी असलेली एका जुन्या जमीनदार घराण्याची हवेली. घराणं संपलं, हवेली उरली, तिचं हॉटेल झालं. भिंतींवर मूळ मालकांच्या पिढ्यान्पिढ्या तसबिरींतून बसलेल्या आहेत आणि न विचारता घरात शिरलेल्या माणसाकडे बघावं तशा माझ्याकडे बघतात. ज्या खुर्च्या बसायला बऱ्या दिसतात त्यांना दोरी बांधलेली आहे, कारण त्या ऐतिहासिक. ज्यांना दोरी नाही त्यांच्यावर बसलं की दोरी का नाही ते कळतं. पलंग इतका उंच, की चढायला लाकडी पायरी ठेवली आहे. उतरताना ती पायरी कुठे आहे हे पायाला कधीच सापडत नाही. मोबाइल भिंतींच्या जाडीपुढे मुका झाला आहे. आणि व्यवस्थापक उठता-बसता हात जोडून म्हणतो, "आपलंच घर समजा." अहो, माझ्या घरात खुर्चीला दोरी बांधली असती तर तुमच्या बहिणीने ती माझ्या गळ्यात घातली असती!

त्यातून हा वसंत. इथे वसंत आपोआप येत नाही, त्याला आणतात. सकाळी सूर्याच्या आधी उठवून मोहोर दाखवायला नेतात. न्याहारी हिरवळीवर, म्हणजे आपण आणि मुंग्या एका पंगतीला. दुपारी बायकांनी फुलांचे गजरे करायचे आणि पुरुषांनी ते बघून 'वा' म्हणायचं. आणि या सगळ्याचा कळस म्हणजे शेवटच्या दिवशी मोठ्या दिवाणखान्यात, झुंबराखाली, पाहुण्यांनीच बसवलेला नाच-गाण्याचा कार्यक्रम. मी पहिल्याच दिवशी हिला म्हटलं, आपण बरे आणि आपली खोली बरी. शिवाय दिवाणखान्याची फरशी मेण लावून अशी गुळगुळीत केली आहे, की तिथे पाय टाकलास तर थेट पलीकडच्या भिंतीपर्यंत जाशील, हेही बजावलं. ही हो म्हणाली. (लग्नानंतर प्रथमच इतक्या पटकन हो म्हणाली. मला तेव्हाच संशय यायला हवा होता.) हिला मात्र इथलं सगळं आवडलं. रोज पहाटे उठून एकटी फिरायला जायची आणि न्याहारीला यायची ती गाल लाल करून, डोळ्यांत हसू घेऊन. मला वाटलं, हवा मानवली.

आता मुद्द्यावर येतो. मी उभं आयुष्य इमारतींच्या तपासणीत घालवलं हे तुम्हाला माहीत आहे. भिंत दिसली की माझं बोट आपोआप वाकतं आणि टकटक करतं, आवाजावरून आतलं कळतं. निवृत्त झाल्यावर खुर्ची जाते, बोट जात नाही. तर दुसऱ्या दिवशी सकाळी मी सहज दिवाणखान्यात डोकावलो, आणि बघतो तर फरशीच्या मधोमध, बरोबर झुंबराखाली, पांढरी पूड! बारीक, कोरडी, पसरलेली. न्याहारीनंतर गेलो तर पुसलेली. तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पूड, पुन्हा पुसलेली. दादा, शितावरून भाताची परीक्षा करण्यात माझी हयात गेली. छताचा चुना झडतो आहे, हॉटेलवाले गुपचूप पुसून टाकताहेत, आणि ते पिंपाएवढं झुंबर एक दिवस नाचणाऱ्या माणसांच्या डोक्यावर येणार, हे मला स्वच्छ दिसलं. व्यवस्थापकाला बाजूला घेऊन सांगितलं. तो म्हणाला, "साहेब, आपण सुट्टीवर आहात." हे काय उत्तर झालं? छत सुट्टीवर नाही ना!

म्हणून परवा न्याहारीला मी उभा राहिलो आणि सगळ्या पाहुण्यांना खरी परिस्थिती सांगितली. आवाज थोडा चढला असेल. 'ढिगारा' हा शब्द एकदा, फार तर दोनदा आला असेल. त्यावर जे झालं त्याला मी जबाबदार नाही. एक म्हातारे गृहस्थ ताट घेऊन फाटकापर्यंत गेले आणि तिथेच जेवले. नवं लग्न झालेलं जोडपं गाडीत जाऊन बसलं (ते मात्र खुशीत दिसलं). एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या, शांत, शिस्तीच्या बाई. त्यांनी त्याच दुपारी सामान बांधलं आणि निघून गेल्या. व्यवस्थापकाने दिवाणखान्याला कुलूप घातलं, शहरातून अभियंता बोलावला, आणि कार्यक्रम रद्द म्हणून सांगितलं. मी खाली बसलो. कुणी तरी आभार मानेल, निदान चहा तरी विचारेल, असं वाटलं होतं. तुमच्या बहिणीने हातातला चमचा खाली ठेवला, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाली, "झालं समाधान?" त्यानंतर जे तोंड मिटलं ते आजतागायत.

सांगायला गेलो तर टांगायला नेलं, अशी गत. रडली-भांडली असती तर उत्तर देता आलं असतं. पण ही शांतपणे केस विंचरते, पुस्तक उघडते, आणि पान उलटत नाही. काल बागेत चार बायका काही तरी पावलं टाकत होत्या, आणि ही बाजूच्या बाकावर बसून त्यांना टाळ्यांचा ठेका देत होती. मी वरच्या खिडकीतून बघत होतो. हिचा पाय बाकाखाली आपला आपण हलत होता. मला का कोण जाणे फार वाईट वाटलं. पण माझं चुकलं काय, हे मला कुणी सांगत नाही. पडणारं छत बघून गप्प बसायचं? तुम्हीच न्याय करा. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमच्या बहिणीचा (अजून तरी) नवरा

ता. क. पत्र पाकिटात घालत होतो तेवढ्यात अभियंता येऊन गेला. पोरगेलासा आहे. शिडी लावून त्याने छत तपासलं, झुंबराच्या कडीला लोंबकळून दाखवलं (हे नियमात बसत नाही, मी तसं त्याला सांगितलं), आणि छत आणखी शंभर वर्षं हलत नाही असा निर्वाळा दिला. कार्यक्रम आता परवा संध्याकाळी ठरला आहे. चुन्याचा एक कण पडलेला नाही, म्हणे. मग पूड कसली, हे मी विचारलंच.

आणखी ता. क. पूड खडूची होती. दिवाणखान्याची झाडलोट करणारा म्हणाला, नाचताना पाय घसरू नयेत म्हणून मेण लावलेल्या फरशीवर तीच टाकतात. रोज पहाटे तालमीला तो टाकायचा आणि तालीम संपली की पुसायचा. मी विचारलं, कोणाची तालीम? तो माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, "बाईंची की! त्यांनीच सांगितलं, पूड टाका, फरशी घसरते असं आमच्या ह्यांनी बजावलंय." मग मला कळवलं का नाही, असं मी विचारलं तर म्हणाला, "बाई म्हणाल्या, ह्यांना कळलं तर आधी फरशी तपासतील, मग माझे गुडघे, आणि मग नाचायचं वयच उरायचं नाही." दादा, इतकी वर्षं संसार केला, या बाईला नाचायचं होतं हे मला एका झाडूवाल्याकडून कळावं?

शेवटचा ता. क., आणि हेच खरं काम. नाच जोडीजोडीचा आहे. हिची जोडीदार म्हणजे त्या मुख्याध्यापिका, ज्या माझ्या भाषणाने पळाल्या. बाकीच्या बायका तयार आहेत, ही एकटी बाकावर आहे. तेव्हा तुम्ही असं करा. हवेलीची भाजीची गाडी उद्या पहाटे तुमच्या गावच्या बाजारात येते, तिच्या चालकाकडे हे पत्र देतो आहे. मिळाल्याबरोबर इथल्या स्वागतकक्षात फोन लावा, हिला बोलावून घ्या, आणि गप्पांच्या ओघात सहज सुचल्यासारखं म्हणा, की जोडीदार नसेल तर नवऱ्याला का घेत नाहीस? मी सांगितलं असं चुकूनही म्हणू नका. ती म्हणेल, त्यांना कुठे येतंय. तर म्हणा, येत असेल. (आज दुपारभर मी न्हाणीघराला आतून कडी लावून पावलं टाकली आहेत. खिडकीतून बघून पहिली आठ पाठ झाली, गिरकीला मात्र उजवीकडे वळायचं की डावीकडे, ते तिलाच विचारावं लागेल.) आणि दादा, हे ऐकून ती हसली का, तेवढं चालकाजवळ चिठ्ठीने कळवा. गाडी संध्याकाळी परत येते. रात्री जेवताना मी हिच्यापासून हातभर अंतरावरच बसलेला असेन, पण मला ते तुमच्याकडूनच कळणार आहे.