उन्हात ठेवलेल्या तबकड्या

मालवण, गुरुवार, ऑक्टोबर १९५८

एकेकाळी संगीत नाटकांत गाणाऱ्या मामांच्या अकराही ग्रामोफोन तबकड्या मीच वाकवल्या. पावसाळ्यात त्यांना बुरशी धरली होती. उद्या मुंबईचे एक गृहस्थ संग्रहासाठी न्यायला येणार, म्हणून पुसून खळ्यात ऊन दाखवलं, पापडांना दाखवतो तसं! तासाभरात काठ लाटांसारखे. लाखेच्या आहेत, उन्हानं मऊ होतील, हे मला कसं सुचलं नाही?

मामांचा गळा बसला त्याला वीस वर्षं झाली. तो आवाज दुसरीकडे कुठेच नाही.

मामा हसले. "बरां झालां गो बाय. माझो बेसूर आता कोणाक ऐकूक मिळाचो नाय."

मग एक तबकडी मांडीवर घेऊन तिचा काठ तळव्यांनी सपाट करत बसले. ती तुटली, तरी त्यांनी दाबणं थांबवलं नाही.