पाच लिटरचा कुकर

पेरुंगुडी, चेन्नई
ऑगस्ट २००७

अमोघ,

तुझ्या ऑफिसातला मुरली सुट्टी संपवून उद्या परत टोरांटोला निघतोय. त्याच्यासोबत पाठवायला तू सांगितलेला मोठा कुकर आणलाय.

तू जाण्याआधी आपण तिथला खर्च मांडला होता: भाडं, बस, फोनचं कार्ड, किराणा. पहिलं वर्ष एकट्याचंच भागेल असं ठरलं, म्हणून तुला छोटा कुकर दिला. आता दुसरं वर्षही सरत आलं, तरी फोनवर तुझं तेच, "दोघांचं बसत नाही गं, कीर्ती." मग अचानक मोठा कुकर मागितलास. मला वाटलं, आता मला बोलावणार. वेडीसारखी पासपोर्ट शोधून बसले मी.

आज मुरली कुकर बघायला आला. सहज बोलून गेला, "बरं झालं अक्का. आता दोघं आहेत, छोट्यात भात पुरत नाही." मग माझा चेहरा बघून त्याने जीभ चावली.

तो गेल्यावर रागाने मी कुकरची शिट्टी काढून घेतली. थोड्या वेळाने परत ठेवली. कच्चा भात तुला पचत नाही.

हे पत्रही आत ठेवणार होते. त्या जागी गोडा मसाला भरलाय. दोघांना पुरेल इतका.

कीर्ती