माझ्या मापाची सीट

१२ नोव्हेंबर, मंगळवार. केडगाव

डोकं अजून तापलेलंच आहे. कच्छला जायचं म्हणून माझी वीस वर्षांची डिझेल जीप महिनाभर दौंडला रफिकभाईंच्या गॅरेजात होती. आज आणायला गेले. मागची सीट काढून झोपायची फळी बसवलीय, पाण्याची टाकी, वर कॅरिअर. काम चोख. मग चालवायला बसले, तर पाय क्लचला पोहोचेना. सीट पुढे घ्यायला गेले, तर ती सरकायची पट्टीच काढून टाकलेली.

"इतकी मागे कोणी ठोकली?"

"निखिलभाऊंचा फोन आलता, मॅडम. म्हणले, मीच चालवणार हाय, माझ्या मापानं फिट करा. आत्या शेजारी बसत्यात."

शेजारी! वीस वर्षं ही जीप मी चालवली. भाच्याला गिअर टाकायला शिकवलं तेही मीच. त्याला मी कच्छला बोलावलं तरी होतं का?

कॉन्व्हेंट शाळेत नन्सनी शिकवलेला सगळा सभ्यपणा गोळा करून विचारलं, "गाडी कोणाच्या नावावर आहे, रफिकभाई?"

"तुमच्याच की."

"मग पाय कोणाचे मोजायचे?"

ते हसले. हसण्यासारखं काय होतं त्यात? मी सीटवरून उतरलेच नाही. शेवटी त्यांनी मला क्लच पूर्ण दाबायला लावला, खडूनं खूण केली आणि तिथे सीट पक्की केली.

"आता भाऊंचं गुडघं स्टिअरिंगला लागत्याल."

"लागू देत."

घरापर्यंत मीच चालवत आले. क्लच फार जड झालाय. डावा गुडघा ठणकतोय, तेल चोळत बसले आहे. निखिलला हे कळता कामा नये.