पट्टी सोडण्याआधीचा श्वास

बाबा,

आज संध्याकाळी तुमच्या नातीनं माझ्या दोन बोटांच्या मधून फूटपट्टी सोडली अन् ती सरळ फरशीवर जाऊन पडली. तुम्ही तिले पाहिलं नाही. तुम्ही गेले त्याच्या पुढच्या वर्षी ती झाली. आता दहावीत आहे. मराठी सगळं समजते, पण उत्तर हिंदीतच देते. शाळेत तिले घरच्या लोकांची पट्टी घेऊन या म्हणून सांगितलं होतं, म्हणजे पट्टी सोडायची, समोरच्यानं पकडायची, किती इंचावर पकडली ते लिहायचं. तिच्या बापानं सात इंचावर पकडली. माझी पहिली अकरावर गेली, दुसरी पडलीच. ती हसली नाही, उलट तिले कीव आली असावी. म्हणाली, "मम्मी, बोल के छोड़ूँ क्या?" मी नको म्हटलं. तेव्हापासून डोक्यात तुम्हीच बसून राहिले, म्हणून हा कागद घेतला. इथल्या शाळा हिंदीच्या, मराठी मी शाळेत शिकली नाही, तुमच्याजवळ अन् आईजवळच शिकली, तर जशी बोलते तशीच लिहीन.

राज्य नवं नवं वेगळं होऊन आपलं शहर राजधानी झालं होतं तेव्हाची गोष्ट. शहरात जिकडेतिकडे लाल दिव्याच्या गाड्या, रस्ते खोदलेले, अन् शहराबाहेर सिलतऱ्याकडे एकेक नवा कारखाना उभा होऊन राहिला होता. आईनं वाळत घातलेल्या कपड्यांवर काळी धूळ बसायची अन् तिची दिवसभर कुरकुर चालायची. तुम्ही तिथल्याच एका जुन्या कारखान्यात क्रेन चालवायचे. क्रेन छपराखालच्या रुळांवर, तुम्ही वर केबिनमध्ये, अन् इशारा देणारा माणूस खाली. त्यानं हात वर केला की उचलायचं, आडवा केला की थांबवायचं. बादलीत वितळलेलं लोखंड, तेव्हा थांब म्हटलं की तिथंच थांबलं पाहिजे. आपल्या गुढियारीच्या घरी कोणी पाहुणा आला की तुम्ही चहा पिता पिता हे सगळं सांगायचे, अन् शेवटी ठरलेलं वाक्य यायचं: "हात उठाच्या आधी खांदा उठते. मी हात पाहातच नाही, खांदा पाहतो." खालचा तो भैया दहा वर्षं एकच होता. त्याचा खांदा तुम्हाले पाठ होता. मग तो नोकरी सोडून गावाले गेला अन् त्याच्या जागी नवा माणूस आला. पंधरा दिवसही झाले नसतील, थांबवाले तुम्हाले उशीर झाला अन् बादली खांबाले लागली. रिकामी होती म्हणून बरं, कोणाले काही झालं नाही. पण पन्नासच्या वरच्या सगळ्या क्रेनवाल्यांची परीक्षा घ्यायची असं ठरलं. बत्ती लागली की बटण दाबायचं. एक महिना हातात होता, अन् नापास झालं तर केबिनमधून खाली.

फूटपट्टीची गोष्ट तुम्हाले मीच सांगितली, हे मी विसरली नाही. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होती मी, अन् ते प्रॅक्टिकल नुकतंच आम्हाले शिकवलं होतं. मोठ्या तोऱ्यात तुम्हाले समजावलं की पट्टी पडते तितक्या वेळात डोळ्यापासून बोटापर्यंत खबर जाते, अन् सरावानं तो वेळ कमी होऊ शकतो. दुसऱ्या दिवसापासून ड्यूटीहून आले, हातपाय धुतले की तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसायचे. आई पोळ्या लाटून राहिली असायची. मी समोर स्टुलावर, हातात माझी लाकडी पट्टी. सहा इंचावर तुम्ही निळ्या पेन्सिलनं रेघ मारली होती. रेघेच्या आत पकडली तर चांगली, अन् तीन चांगल्या झाल्याशिवाय उठायचं नाही, हा नियमही तुमचाच. पहिल्या दिवशी तीन चांगल्या व्हाले पाऊण तास लागला. आई म्हणाली, बाकीचे लोक या वयात पोरीसाठी स्थळ पाहून राहिले अन् आमच्याकडे बापलेक पट्टी पट्टी खेळून राहिले. तुम्ही पट्टीवरची नजर काढली नाही. मी सांगायची, बोटं ढिली ठेवा, झोप पुरी घ्या, चहा आधी प्या. तुम्ही सगळं ऐकायचे, जसा एखादा नवा माणूस उस्तादाचं ऐकते. मले त्याची लाज वाटायची अन् मजाही वाटायची.

त्याच आठवड्यात कॉलेजमध्ये आमच्या मॅडमनं मले पकडलं. माझ्या हातची पट्टी पकडणाऱ्या जोडीदारणीचे आकडे फार चांगले येऊन राहिले होते, म्हणून मॅडम बाजूले येऊन उभ्या राहिल्या. दोनदा पाहिलं अन् म्हणाल्या की पट्टी सोडण्याच्या आधी तू श्वास ओढतेस, नाकाचा आवाजही येतो, ही पोरगी पट्टी पाहत नाही, तुले पाहते. सगळे आकडे खोडाले लावले. त्या दिवशी संध्याकाळी पाटावर तुम्ही बसले, मी पट्टी धरली, अन् पाहिलं तर तुमची नजर पट्टीवर नव्हतीच. माझ्या गळ्याच्या खाली, जिथं श्वास दिसतो तिथं होती. तुम्हाले ते माहीत होतं की नाही, देव जाणे. दहा वर्षं खांदा पाहणाऱ्याची नजर आपोआप तिथं जात असेल. मी सांगाले पाहिजे होतं. एका वाक्याची गोष्ट होती. मी सांगितलं नाही. उलट श्वास जरा मोठा ओढला, मुद्दाम, अन् मग पट्टी सोडली. साडेचार इंच. तुम्ही आईले म्हणाले, पाहा. पुढचे तीन आठवडे दहा मिनिटांत तीन चांगल्या होऊ लागल्या, अन् तुम्ही शिट्टी वाजवत अंघोळीला जाऊ लागले.

परीक्षेत तुम्ही नापास झाले. घरी येऊन शांतपणे जेवले अन् म्हणाले, "बत्तीले खांदा नसते." मले वाटलं इथं संपलं. पण तुम्ही मानलंच नाही. मशीनच खराब आहे, घरी मी साडेचारवर पकडतो, म्हणून तुम्ही अर्ज केला, अन् ज्या दिवशी बोलावलं त्या दिवशी माझी लाकडी पट्टी शर्टाच्या आत घालून घेऊन गेले. हे आम्हाले तुमच्या शिफ्टच्या काकांनी नंतर दारात उभं राहून सांगितलं. ऑफिसात पाच-सहा लोक होते. तिथल्या तरण्या साहेबाच्या हातात तुम्ही पट्टी दिली अन् म्हणाले, सोडा. त्यानं सोडली, पडली. तुम्ही वाकून उचलली, परत दिली. परत पडली. तिसऱ्यांदा साहेबानंच उचलून दिली अन् म्हणाला, राहू द्या काका. शिफ्टवाले काका सांगत होते अन् आई पदरानं ओटा पुसत होती, जो आधीच पुसलेला होता. त्या संध्याकाळी तुम्ही पट्टी माझ्या पुस्तकांवर ठेवली. मले रागावले नाही. एवढंच म्हणाले, "तुह्याच हातची पकडता येते मले." त्यानंतर तुम्ही पट्टी कधी मागितली नाही. रिटायर होईपर्यंत स्टोअरमध्ये बसून हातमोजे अन् हेल्मेट देत राहिले, अन् पाहुण्यांले खांद्याची गोष्ट सांगणं बंद झालं.

आता मी शाळेत फिजिक्स शिकवते. हे प्रॅक्टिकल दर वर्षी घेते अन् माझ्या वर्गात कडक घेते. सोडणाऱ्यानं तोंडासमोर वही धरायची, थांबायचा वेळ दर खेपेला बदलायचा, इशारा द्यायचा नाही. पोरं विचारतात, सरावानं वेळ कमी होते का. मी सांगते, झोप पुरी असेल, लक्ष असेल तर थोडा होतो, पण जास्तकरून माणूस ओळखाले शिकतो, आता सोडेल, आता सोडेल. तुमचं तेच झालं होतं. तुमचा हात जलद झाला नव्हता, मी तुम्हाले पाठ झाली होती. तुम्हाले खाली उतरवलं ते बरोबरच होतं, हे मी आज बिनदिक्कत म्हणते. त्याचं मले दुःख नाही. मले दुःख त्या पट्टीचं आहे, शर्टाच्या आत घालून नेली त्याचं. खरा आकडा माहीत असता तर तुम्ही ती नेलीच नसती.

इतकी वर्षं मी स्वतःले सांगत आली की मी ते मायेपोटी केलं, तुमचं मन राहावं म्हणून. नवऱ्यालेही असंच सांगितलं, त्याचे डोळे भरून आले होते. आज पोरीनं तिसऱ्यांदा पट्टी सोडली, तीही पडली, तिनं जसा होता तसा आकडा लिहिला अन् उठून गेली. मी तिथंच बसून राहिली, अन् मले आठवलं. सात वाजता बाजूच्या घरी टीव्हीवर मालिका लागायची. माझ्या मैत्रिणी तिथं जमायच्या, त्यांचं हसणं आपल्या स्वयंपाकघरात ऐकू यायचं. तीन चांगल्या झाल्या की मी सुटायची. हा कागद मी त्या जुन्या लाकडी पट्टीखाली ठेवणार आहे, तिच्यावर तुमची निळी रेघ अजून आहे. मन राखणं वगैरे नंतरचं आहे, बाबा. मले उठायचं होतं.