आरोहीची भाकरी

प्रिय दाने,

फोन उचलायचा नाही असं ठरवलंच आहेस, तर घे, पत्र वाच. हे तरी कट करता येत नाही. बालवाडी सोडलीस, होटगीला आईकडे, अव्वांकडे जाऊन बसलीस आणि तुझा वर्ग माझ्या गळ्यात टाकलास. मला माझीच पोरं आवरत नाहीत, त्यात तुझी! मनगटाचं प्लास्टर कधीच निघालं, पण तांब्या धरताना हात अजून थरथरतो, असं अव्वा सांगत होत्या. व्यायाम सोडू नकोस, एवढं तरी ऐक की.

सध्या तुझ्या वर्गाला आकार शिकवतेय. आयत दाखवायला घरून चादर नेली, आपली मोराची. वर्गात अंथरली, लांब बाजू कुठली न् आखूड कुठली हे विचारायला वळते, तर अख्खा वर्ग चादरीवर आडवा! चादर अंथरली की झोपायचं, एवढंच त्यांना ठाऊक. एकजण तर खरंच घोरायला लागला. नेमक्या तेव्हाच सुंदरम्मा मॅडम दारात. हेडबाईच त्या, कुठला तास चाललाय म्हणून विचारलं. मी म्हटलं, भूमितीचा. हसू नकोस गं. त्रिकोणाला कडक भाकरी मोडून तुकडे दाखवले, तर सगळ्यांनी ते ओळखले आणि सगळ्यांनी खाल्ले. वर शेंगाचटणी कुठाय म्हणून मलाच विचारलं.

तुला असलं काही लागायचंच नाही. खडू टेकवायचीस आणि एका दमात गोल पुरा. पोरं टाळ्या वाजवायची आणि शेजारच्या वर्गात माझा नुसता जळफळाट व्हायचा. म्हणून त्या दिवशी मला कळलं तुला काय झालं ते. गाडीवरून पडल्यानंतर पहिल्यांदा फळ्यापाशी उभी राहिलीस, हात थरथरला, गोल एका बाजूला फुगला आणि आरोही ओरडली, टीचर, भाकरी झाली! सगळी पोरं हसली. तू फळा पुसलास, पर्स उचललीस आणि गेलीस. माझ्याशीही बोलली नाहीस. त्याचा मला लई राग आला, अजून आहे.

परवा मी ताटली धरून फळ्यावर गोल काढला, अगदी नेमका. हे काय, विचारलं तर म्हणे चाक. बरं, मग भाकरी काढा म्हटलं. आरोहीच्या पाटीवर बघते तर एका बाजूला फुगलेला गोल. असा का गं काढलास, विचारलं. म्हणाली, दानेश्वरी टीचरनी काढली तश्शी, माझी आई करते तशी. तिची आई घरी भाकऱ्या करून विकते, तुला माहीतच आहे. अगं वेडे, पोरगी तुला हसत नव्हती! आईची भाकरी शाळेच्या फळ्यावर आली म्हणून तिला आनंद मावेना. तुझा हात दुखावला होता, त्यात तुला नुसतं हसणंच ऐकू आलं, मलाही कळतं ते. पण तू गेलीस तेव्हापासून पोरगी फळ्याकडे बघून काही बोलतच नाही. मधल्या सुट्टीत येऊन माझा पदर धरते आणि विचारते, टीचर माझ्यावर चिडल्या का? मला जीव नकोसा होतो गं.

आता मुद्द्याचं. तुझ्या जागी सोमवारपासून नवी मुलगी घेते, असं सुंदरम्मा मॅडम म्हणाल्या. मी म्हटलं, गरज नाही, दानेश्वरी येतेय. हो, तुला न विचारता. सोमवारी सकाळी सयाजीमामांची रिक्षा अव्वांच्या दारात उभी राहील आणि तुला घेतल्याशिवाय ते हलायचे नाहीत, तसं बजावलंय. माझ्यावर चिडायचं तर रिक्षात बसून चीड. वाकडातिकडा कसा का होईना, फळ्यावर गोल तूच काढायचास. कारण आरोहीला मी सांगून बसलेय की टीचर तुझ्यावर मुळीच चिडल्या नाहीत, सोमवारी येतील. एवढ्याशा पोरीपुढे मला खोटं पाडू नकोस.

तुझीच, तुझ्यावर रागावलेली,
शिवलीला