फुटेज पहिल्यापासून लावा

५ मे, सोमवार. दुपार.
मला लिहायची हौस नाही. चौथीत शाळा सुटली ती सुटली. पण माझी मुलगी दर्शना म्हणाली, आई, तक्रार टिकवायची तर तारीखवार लिहून ठेव. म्हणून ही वही.

झालं असं. सकाळी गल्लीत टँकर आला. आमच्या दिवा स्टेशनाकडे नळ असतो तो शोभेला. आमच्याकडे रांगेत माणसं नाही, हंडे उभे राहतात. ज्याचा हंडा आधी, त्याला पाणी आधी. कोणाचा हंडा कुठे, हे मी बघते. सहा वर्षं, फुकट. लोकांचा विश्वास आहे.

आज बंदोबस्ताला लेडीज पोलीस पाठवलेली. सुमेधा मॅडम. माझ्या दर्शनाएवढी असेल. तिने माझा हंडा उचलला आणि पार मागे नेऊन ठेवला. मला धक्का दिला, मी चिखलात बसले. वर सगळ्यांसमोर म्हणते, ए म्हातारे, हो मागे.

म्हातारी! बावन्न वय माझं.

पाणी माझ्यापर्यंत आलंच नाही. हिची वर्दी उतरेपर्यंत मी पुरणपोळी खाणार नाही. (तशी मला आवडत नाही.)

६ मे. सकाळी.
बाजूच्या रूममधली लुर्दस सांगत आली, बाय, त्या मॅडमच्या छातीवर कॅमेरा होता, बघितलास काय? काडेपेटीएवढा. चित्र पण येतं, आवाज पण येतो.

मला इतका आनंद झाला की लुर्दसला चहा दिला. बया स्वतःच्याच छातीवर पुरावा लावून फिरते!

लुर्दस म्हणाली, खूश नको होऊस, पोलिसांचा कॅमेरा पोलिसांचंच ऐकणार. नेमकं तेवढंच गायब होईल बघ.
म्हटलं, करू दे गायब. त्याची वेगळी तक्रार.

७ मे.
अर्ज दिला. मी सांगितला, दर्शनाने लिहिला. त्या मॅडमचं लग्न मोडो, हे वाक्य तिने गाळलं. अर्जात शाप चालत नाहीत म्हणे. मग अर्ज कशाला करतात लोक?

नवरा म्हणाला, जाऊ दे गं. तीस वर्षं हेच ऐकतेय.

९ मे, शुक्रवार.
चौकीत गेलेली. साहेबांनी खुर्ची दिली. म्हणजे घाबरले. म्हणाले, फुटेज बघून घेऊ बाई, धक्क्याचा भाग तेवढा, दोन मिनिटांचं काम आहे.

दोन मिनिटं! मी लगेच ओळखलं. कापाकापी करायचा डाव. टेबलावर हात आपटला. म्हटलं, पहिल्यापासून लावा. टँकर यायच्या आधीपासून. आणि आमच्या गल्लीतल्या बायकांसमोर लावा.

साहेब म्हणाले, नक्की? पुन्हा विचारलं, नक्की ना? तिसऱ्यांदा पण विचारलं. घाम फुटला असणार.

१० मे.
बायका गोळा केल्या. नऊ जणी तयार. योगिनीसुद्धा, जिचं माझं कधी पटत नाही. म्हणाली, काकी, पोलिसांवर भरोसा आम्ही तरी कधी ठेवला, येते मी.

आरशासमोर प्रॅक्टिस केली. मॅडम रडणार, पाया पडणार. मी म्हणणार, माफी नाही. दोनदा म्हणणार.

एकच वाईट वाटतं, त्या दिवशी मी गाऊनवर टॉवेल घेतलेला. फुटेजमध्ये तसंच दिसणार. चालेल. अन्याय गाऊनवर पण होतो.

१२ मे, सोमवार.
लिहायची इच्छा नाही. थोडक्यात लिहिते. चौकीत फुटेज लावलं, मॅडम पण तिथेच बसलेली.

मॅडम त्या दिवशी टँकरच्या आधीच येऊन कोपऱ्यावर उभी होती. कॅमेरा चालू. मला कसं दिसणार? मी कामात.

काम म्हणजे, फुटेजमध्ये मी योगिनीचा हंडा उचलून मागे ठेवतेय. मग लुर्दसची कळशी. मग अजून तीन. मग माझा हंडा पुढे. असं अधूनमधून करावं लागतं, रांग बघणाऱ्यालाच ते कळतं.

पण आवाज! काम करताना मी बोलते, हे मला कोणी कधी सांगितलं नाही. हिला नवरा आहे, तो आणेल पाणी. लुर्दसला कशाला रोज आंघोळ. सगळं स्पष्ट. नऊ जणी ऐकत होत्या.

पुढे मॅडम तीनदा म्हणते, काकी, हंडा होता तिथे ठेवा. मग स्वतः उचलते. धक्का आहे, पण तो मी तिला देतेय, आणि घसरतेय पण मीच. कॅमेरा हलला असणार.

तेवढ्यात आलं, ए म्हातारे! मी ओरडले, ऐका, ऐका! साहेब म्हणाले, हो, हे चुकलंच, लेखी समज देतो. मॅडम उठली, माझ्या डोळ्यांत बघून म्हणाली, सॉरी काकी, असं बोलायला नको होतं.

रडली नाही. पाया पडली नाही. नुसतं सॉरी, आणि सगळ्या बायका तिच्याकडे बघून माना हलवतायत. मग त्या माझ्याकडे बघायला लागल्या, आता माझा नंबर असल्यासारख्या.

मी म्हटलं, माझा आवाज असा नाहीये.

१३ मे.
लुर्दसने दारातूनच सांगितलं, रांग आता योगिनी बघणार. आत ये म्हटलं, आली नाही.

मी गप्प बसणार नाही. कॅमेऱ्यावरच तक्रार करणार, मोठ्या साहेबांकडे. दर्शना म्हणाली, हा अर्ज तू लिही.

१६ मे, शुक्रवार.
टँकर आला. माझा हंडा एकतिसावा. पाणी सत्ताविसाव्यालाच संपलं. योगिनीने एक पण हंडा इकडचा तिकडे केला नाही, मुद्दाम.

लुर्दस मॅडमला चहा देत होती. बशी घेऊन. मी ठरवूनच गेलेली, आज सगळ्यांसमोर हिचं पाणी जोखायचं. चार वाक्यं पाठ होती.

मॅडम स्वतःच माझ्याकडे आली. छातीवरचं बटण दाबलं. बारका लाल दिवा लागला. म्हणाली, काकी, मिळालं का पाणी?

मी टॉवेल सारखा केला. हात जोडले. म्हटलं, मिळालं मॅडम. भरपूर.

मग रिकामा हंडा कमरेवर घेतला आणि भरलेला असल्यासारखी वाकून, हळूहळू घरी आले.