गोठ्याचा उतार तसाच ठेवला आहे

प्रिय जाऊबाई,

आधी छकुलीला सूचना. छकुले, हे पत्र तुझ्या आईला मोठ्याने वाचून दाखवायचं. एकही ओळ गाळायची नाही, आणि जिथे मी तिची थट्टा केली आहे तिथे आवाज बारीक करायचा नाही. तिचे डोळे गेलेत, कान शाबूत आहेत. जाऊबाई, रागावू नका. आंधळ्याला आंधळं म्हणायला लोक कचरतात आणि त्याचाच जास्त ताप होतो, हे तुमचंच म्हणणं आहे.

तर बातमी अशी की गोठा झाला! इमारती तपासणाऱ्या बाई परवा शेवटच्या पाहणीला आल्या. सगळ्या खोल्यांतून फिरल्या, नळ सोडून बघितले, दारं लावून बघितली, माळ्यावरसुद्धा चढल्या आणि ‘राहण्यास व व्यवसायास योग्य’ असं लिहून सही केली. राहण्यास योग्य! ज्या जागेत शेणावरून घसरून मी पहिल्याच महिन्यात पाटीसकट आडवी झाले होते आणि तुम्ही मला उठवायच्या आधी पोट धरून हसला होतात, ती जागा. मला त्या बाईंच्या गळ्यात पडावंसं वाटलं. पडलेही.

तुम्ही इथून निघालात तो दिवस मला विसरता येत नाही. शेवटची गाय विकून झाली होती, मोठे भाऊजी गेले होते, तुमची नजर पार गेली होती, आणि अंगणात पडल्यामुळे तुमच्या कपाळाला खोक पडली होती. छकुली न्यायला आली तेव्हा तुम्ही अगदी सहज म्हणालात, “भाकड गाय आणि आंधळी बाई, दोघींना पोसायचं कशासाठी गं?” आणि गाडीत बसलात. मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. तुम्हाला माहीत आहे, मला भांडण संपल्यावर मुद्दे सुचतात. या वेळी जरा जास्तच उशिरा सुचलं, आणि जे सुचलं ते दगड-चुन्यात बांधावं लागलं. तुम्ही परत यावं म्हणून मी हा उद्योग मांडला. आडपडदा कशाला ठेवू?

तुमचे धाकटे दीर आधी काय म्हणत होते ते ऐका. म्हणे, गोठा पाडू, सिमेंटचा कोबा करू, वर पत्रे टाकू आणि गोदाम म्हणून देऊ. मी म्हटलं, दीड हात जाडीच्या दगडी भिंती पाडायच्या आणि त्याच्या जागी उन्हात तापणारा डबा उभा करायचा, याला अक्कल म्हणतात का? ते आठ दिवस बोलले नाहीत. म्हणजे एरवीपेक्षा थोडं कमी बोलले. मग एक दिवस बघते तर स्वतःच शिडी लावून कौलं उतरवत होते. आता येईल त्याला हाताला धरून सांगतात की ही कल्पना मुळात त्यांचीच. मी मध्ये बोलत नाही. कौलं त्यांनीच एकेक करून धुतली आहेत, तेवढं श्रेय घेऊ देत.

नवीन असं आम्ही फारच थोडं आणलं. धड कौलं परत चढवली, फुटकी कुटून अंगणाच्या भरावात घातली. सुताराने प्रत्येक तुळईत टोच्या खुपसून बघितला, त्यात दोनच किडलेल्या निघाल्या. त्यांच्या जागी वैरणीच्या माळ्याचं जुनं लाकूड बसलं. कौलांखाली पेंढा दाबून भरला आहे, त्यामुळे भर दुपारीसुद्धा आत गारवा असतो. दुधाची मोठी स्टीलची टाकी भंगारवाला मागत होता, ती आता छपरावरचं पाणी साठवते आणि ते पाणी संडासाला वापरतो. पन्हाळीच्या कोपऱ्यात पाकोळ्यांची घरटी होती, तिथली फट सुतार बुजवायला निघाला होता. मी म्हटलं, त्या आपल्या आधीपासूनच्या भाडेकरू आहेत, त्यांना हात लावायचा नाही.

आता भिंतीचं रामायण. त्यातला अर्धा भाग तुम्हाला फोनवर कळला होता, उरलेला मी लाजेपोटी लपवला होता. उत्तरेच्या भिंतीला चुन्याचा गिलावा केला, दिसायला कसा अगदी लोण्यासारखा. दोन महिन्यांत त्याला पांढऱ्या मिशा फुटल्या. खरंच सांगते, कापसासारखे तंतू भिंतीतून बाहेर! मागून पोपडे सुटायला लागले. गवंडी म्हणाला, जमिनीतून ओल चढते आहे, वरून सिमेंट थापून बंद करून टाकू. तुमचे दीर म्हणाले, मी गोदाम म्हणत होतो. इकडे अधिकारी बाईंची पहिली पाहणी तोंडावर आलेली. मी रडकुंडीला येऊन तुम्हाला फोन केला. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि एवढंच विचारलंत, “दावणीच्या कोणत्या टोकाला?” मी म्हटलं, खिडकीकडच्या. तुम्ही म्हणालात, “तिथे गायी भिंत चाटायच्या. मारून हाकललं तरी परत चाटायच्या. तूही चाटून बघ.” आणि फोन ठेवून दिलात.

जाऊबाई, मी भिंत चाटली. चांगली जीभ लावून चाटली. खारट जहर! आणि मागे वळते तो दारात अधिकारी बाई उभ्या, हातात टॉर्च. त्यांचा चेहरा तुम्हाला कळायला हवा होता. मी तोंड पुसत म्हटलं, “मीठ आहे, बाई, ओल नाही.” त्या पुढे झाल्या आणि, शपथ घेऊन सांगते, त्यांनी बोट फिरवून जिभेला लावलं. इतकी वर्षं गायींचं मूत त्या दगडांत मुरलं होतं, शिवाय आपण दोघी रोज बादल्या ओतून ते आणखी आत मुरवत होतो. गवंड्यानेच मग उपाय काढला. भरपूर वाळूचा, कच्चा, हलका गिलावा भिंतीवर थापायचा, त्याला मीठ शोषू द्यायचं आणि खरवडून फेकायचा. परत थापायचा, परत खरवडायचा. मी त्याला भिंतीचा जुलाब म्हणते. तिसऱ्या वेळी मिशा फुटल्या नाहीत. मी परत चाटून बघितली. आता ती भिंतीसारखीच लागते.

त्याच भिंतीच्या खोलीत कोण आलं आहे, ओळखा. व्हायोलिन दुरुस्त करणारा एक म्हातारा! त्याच्या वाद्यांना ओल म्हणजे विष. जागा बघायला आला आणि हो-नाही न म्हणता एक जुनं व्हायोलिन त्या भिंतीवर टांगून गेला. पंधरवड्याने परत आला, व्हायोलिन कानाशी धरून टिचक्या मारल्या, आणि म्हणाला, ही खोली दुसऱ्या कुणाला देऊ नका. त्या दिवशी मी अंगणात एकटीने नाचले. पलीकडच्या भागात सायकली दुरुस्त करणारी एक धिप्पाड बाई आहे, आवाज तुमच्यासारखाच, म्हणजे शेजारच्या शेतात ऐकू जाणारा. दगडी गव्हाणी तशाच ठेवल्या आहेत, त्यांत ती पाने-पकडी ठेवते आणि गायी बांधायच्या कड्यांना चाकं अडकवते. दिवसभर एकीकडे हातोडीचा ठोका आणि दुसरीकडे तारा जुळवणं. पूर्वी गायी हंबरायच्या, आता हे.

भाडेकरूंची एक तक्रार मात्र आहे. टेबलावर पेन्सिल ठेवली की घरंगळते. म्हाताऱ्याने टेबलाच्या दोन पायांखाली लाकडाचे तुकडे घातले आहेत. कारण जमिनीचा उतार मी काढू दिला नाही. मूत वाहून जावं म्हणून दावणीपासून नालीपर्यंत आणि नालीपासून अंगणाच्या दारापर्यंत जो उतार आहे, तो जसाच्या तसा. गवंडी म्हणाला, लोक जमीन सपाट करायला पैसे देतात आणि ही बाई वाकडी ठेवायला देते! नालीतून पाण्याचे नळ आणि विजेच्या तारा नेल्या, वर फरशा टाकल्या, पण नालीची रेघ पायाला लागते. एकही खांब हलवला नाही. दारं जिथे होती तिथेच आहेत. सुताराला मधल्या खांबाची फार अडचण होत होती, तो म्हणाला, तुळई टाकून हा काढून देतो, खोली मोकळी होईल. मी म्हटलं, गोठा मोकळा करायचा नाही, ओळखीचा ठेवायचा आहे.

कारण तुमच्या पायांना तो पाठ आहे. नजर शाबूत असतानाही तुम्ही पहाटेच्या काळोखात कंदील न घेता धार काढायला जायचात आणि मी मागून ठेचकाळत यायचे. चढ लागला की दावण, उतार लागला की दार, डाव्या हाताला तिसरा खांब आला की दुधाची खोली. तुम्ही अंगणात पडलात, जाऊबाई, गोठ्यात कधीच पडला नाहीत. हे लक्षात आलं तेव्हा मी हातातलं काम टाकून तिथेच बसले. मग डोळ्यांना टॉवेल बांधून रोज गोठ्यात हिंडायला लागले. कपाळाला टेंगळं आली, सायकलवाल्या बाईच्या अंगावर जाऊन आदळले, तिने मला उचलून बाजूला ठेवलं. जिथे मला अडखळायला झालं तिथे गवंड्याकडून दुरुस्ती करून घेतली. तुमच्या दिरांनी एकदा मला तसं हिंडताना बघितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी अंगणातल्या वाटेला, घरापासून गोठ्याच्या दारापर्यंत, दोन्ही बाजूंनी कंबरेइतका कठडा केला. लाकूड इतकं घासलं आहे की हाताला कुसळ लागणार नाही.

दुधाची खोली मी कुणालाही दाखवलेली नाही. पूर्वेची खिडकी मोठी केली आहे, सकाळचं ऊन अंगावर येतं. पलंग भिंतीला लागून, न्हाणीघर दोन पावलांवर, आणि दाराला पितळी कडी आहे; बाकी सगळ्या दारांना लाकडी मुठी. आणि तुम्ही नुसतं ऊन खात बसाल असं समजू नका. धान्याची कोठी अजून तशीच पडून आहे आणि ती भाड्याने द्या म्हणून आतापासून तिघे जण मागे लागले आहेत. कुठे उंदीर शिरायचे, कुठे पाणी झिरपायचं, कोणत्या कोपऱ्यात धान्याला बुरशी यायची, हे मला कुठे ठाऊक? मी तर माहेरी गाय फक्त चित्रात बघितलेली मुलगी. तुम्ही हात धरून शिकवलंत म्हणून इथे टिकले. लोक म्हणतात, दोन जावा एका चुलीवर नांदत नाहीत. आपण नांदलो. भांडून भांडून नांदलो. आणि तुम्ही गेल्यापासून मला घर खायला उठतं, हेही आज सांगून टाकते.

आता हे सगळं लिहून का काढलं, ते. मागच्या आठवड्यात छकुलीने तुमचा निरोप कळवला की दुधाची खोलीही भाड्याने देऊन टाका, मी काही परत येत नाही. नाही देणार, जाऊबाई. पण हे तोंडी सांगायला आले असते तर तुम्ही दुसऱ्याच वाक्याला मला गप्प केलं असतं. इतक्या वर्षांत माझं एकही बोलणं तुम्ही शेवटापर्यंत ऐकलेलं नाही, आणि तुमच्यासमोर मला रडू येतं ते वेगळंच. लिहिलेलं असलं की मध्येच तोडता येत नाही. हे पत्र टपालाने आलं असं छकुलीने सांगितलं असेल, तर ती खोटं बोलली. पत्र मी आणलं आहे. ती वाचते आहे तोवर मी तुमच्या दाराबाहेर जिन्यात बसले आहे. खाली टेम्पो उभा आहे, त्यात गादी घातली आहे, आणि तुमच्या दिरांना हॉर्न वाजवू नका म्हणून बजावलं आहे. तुमची बॅग छकुलीने कालच भरून ठेवली आहे. आता बोला काय बोलायचं ते. नाही म्हणायचं असेल तर तेही म्हणा, पण माझ्या तोंडावर म्हणा. आणि छकुले, तू जागची हलायची नाहीस. दार आईला उघडू दे.

तुमचीच, दाराबाहेर बसलेली,
धाकटी